विश्लेषण : पास्टन घराण्याची वंशावळ खरी की बनावट?

पंधराव्या शतकात इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या पास्टन घराण्यावर आरोप झाला की, हे लोक मूळचे भूदास आहेत. तो सिद्ध झाला असता तर प्रतिष्ठेबरोबर जमीनजुमलाही गेला असता. मग या घराण्याने आपले कूळ कसे ‘सिद्ध’ केले?

आरोप नेमका काय?

क्लेमंट पास्टन (मृत्यू १४१९) हा पास्टन गावातला साधा शेतकरी. विरोधकांच्या टिपणानुसार त्याची जमीन फार तर १००-१२० एकर होती, खोगीर न घातलेल्या घोड्यावरून तो दळणाला जाई आणि त्याची बायको भूदास कुळातली होती. त्याने उसनवारी करून मुलगा विल्यमला शिकवले. विल्यम १४२९ मध्ये न्यायाधीश झाला आणि त्याने बऱ्याच जमिनी घेतल्या.

वंशावळीचा जमिनीशी संबंध काय?

भूदासाने घेतलेली जमीन त्याचा धनी आपली म्हणू शकत असे. विल्यमचा मुलगा जॉन याने १४५९ मध्ये वारलेल्या सर जॉन फास्टॉल्फ यांच्या केस्टर किल्ल्यासह मोठ्या मालमत्तेवर हक्क सांगितला आणि शत्रू वाढले. १४६५ मध्ये त्याला तुरुंगातही जावे लागले.

निकाल काय लागला?

मे १४६६ मध्ये जॉनचा मृत्यू झाला. त्याच वर्षी राजा चौथा एडवर्ड याने पास्टन हे जुने खानदानी घराणे असल्याचे जाहीर केले. कुटुंबाने जुनी खतपत्रे दाखवली. मूळ पुरुष वुल्स्टन फ्रान्सहून आल्याचे सांगितले. ही वंशावळ रचलेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

चर्चची भूमिका कोणती?

त्या काळी कबर आणि तिच्यावरची कुलचिन्हे हा घराण्याचा जाहीर पुरावाच असे. जॉनचा दफनविधी पास्टनजवळच्या ब्रॉमहोम मठात थाटात झाला. मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून खिडकीच्या काचा काढाव्या लागल्या. त्याची मजुरी हिशेबात नोंदलेली आहे. मात्र कबरीचे काम वर्षानुवर्षे रखडले आणि जॉनची पत्नी मार्गारेट थोरल्या मुलाला त्यावरून बोल लावत राहिली.

स्वतःसाठी तिने माहेरचे मॉटबी गावचे चर्च निवडले. १४८२ च्या मृत्युपत्रात तिने कबरीच्या दगडावरची कुलचिन्हे ठरवून दिली. चार कोपऱ्यांपैकी एकावर नवऱ्याचे आणि आपले एकत्र चिन्ह, तर मधोमध फक्त माहेरचे. ती स्वतः जुन्या खानदानी घराण्यातली होती.

आज काय उरले?

ब्रॉमहोमचे अवशेष उरले आहेत. मॉटबी चर्चचा तो भाग पडला आणि मार्गारेटची कबरही गेली. टिकली ती घरची पत्रे. १७८७ पासून ती छापली जाऊ लागली आणि हजाराहून अधिक पत्रे-कागद अभ्यासकांना मिळाले. ज्या शेतकरी पूर्वजाचा विसर पडावा म्हणून एवढा खटाटोप झाला, त्याची दळणाची फेरीसुद्धा या कागदांमुळेच जगाला ठाऊक आहे.