एका नंबराच्या दोन गाड्या : एकुलत्या एक फ्रेंच मोटारींचा माग

पॅरिसच्या तयार कपड्यांच्या धंद्यातले बडे प्रस्थ असलेल्या आर्मांड एस्देर्स यांनी १९३२ मध्ये बुगाटी रॉयाल घेतली. पावणेतेरा लिटरचे इंजिन, सहा मीटरच्या आसपास लांबी आणि बसायला जागा फक्त दोघांना. रात्री गाडी बाहेर काढायचीच नाही, म्हणून हेडलाइट लावू नका, असे एस्देर्स यांनी सांगितले होते. एटोरे बुगाटी यांचा मुलगा ज्याँ याने मग दिव्यांविना, मडगार्डांच्या लांबलचक लाटांची उघडी बॉडी काढली. काही वर्षांनी गाडी दुसऱ्याकडे गेली. नव्या मालकाला ती बॉडी नको होती, त्याने बाइंडर या पॅरिसच्या कारखान्याकडून बंद बॉडी बांधून घेतली. एस्देर्स यांची बॉडी कुठे गेली, त्याचा पत्ता आजवर लागलेला नाही.

आज फ्रान्समधल्या म्युलूझच्या मोटार संग्रहालयात दिव्यांविना ती हिरवी गाडी उभी दिसते. सुटे भाग आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधाराने ती नव्याने घडवलेली आहे. मूळ चॅसिस, क्रमांक ४११११, बाइंडरची बॉडी अंगावर घेऊन वेगळीकडे नांदते आहे. मग एस्देर्स यांची गाडी कोणती म्हणायची? जाणकारांचा निकाल स्पष्ट आहे: चॅसिस क्रमांक जिथे, तिथे गाडीची ओळख. पण एस्देर्स यांनी ज्या रूपासाठी पैसे मोजले, ते रूप त्या चॅसिसवर आता नाही, हेही तितकेच खरे.

ही गुंतागुंत फ्रेंच मोटारींत फार, आणि तिचे कारण त्या गाड्या ज्या पद्धतीने बांधल्या जात त्यात आहे. कंपनीकडून चॅसिस घ्यायची आणि बॉडी दुसरीकडे बांधून घ्यायची, हे आपल्याकडे ट्रकच्या बाबतीत अजून चालते. दोन महायुद्धांच्या मधल्या पॅरिसमध्ये श्रीमंतांच्या मोटारी अशाच बनत. डेलाए, डेलाज, टाल्बो-लागो, हिस्पानो-सुइझा यांनी इंजिन, चाके आणि सांगाडा द्यायचा. मग बुलोनमध्ये फिगोनी ए फालास्की, नुईमध्ये साउचिक, लव्हाल्वात शाप्राँ, र्युएलमध्ये पुर्तू असे कोचबिल्डर अ‍ॅश लाकडाचा पिंजरा उभारून त्यावर हाताने ठोकून काढलेला पत्रा चढवायचे. गिऱ्हाइकाची लहर, बायकोच्या पोशाखाचा रंग, प्रदर्शनात बक्षीस मिळवण्याची ईर्षा यांतून एकेक गाडी जगात एकटीच जन्माला यायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा झपाट्याने आटला. मोठ्या इंजिनांवर जबर कर बसला, चॅसिस आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्या आल्या, आणि १९५४ मध्ये डेलाएसारखी कंपनी ऑचकिसच्या पोटात गेली. कारखाने बंद पडताना बऱ्याच ठिकाणी वह्या, नकाशे, काचेवरच्या निगेटिव्ह सगळे विखुरले. फिगोनींच्या बाबतीत नशीब चांगले: मुलगा क्लोद याने वडिलांची कागदपत्रे जपली आणि अभ्यासकांना मोकळ्या हाताने मदत केली. काही ठिकाणी माणूसच उरला नाही. पुर्तूसाठी गाड्या आखणारा जॉर्ज पोलँ पेशाने दंतवैद्य होता. पूर्ण छप्पर मागच्या डिकीत सरकवण्याची युक्ती त्याची, तिच्यावर प्युजोच्या ‘एक्लिप्स’ गाड्या निघाल्या. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये तो प्रतिकार चळवळीत उतरला आणि १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या.

अशी अनोळखी गाडी समोर आली, किंवा बहुतेक वेळा तिचे नुसते जुने छायाचित्र हाती आले, तर शोध सुरू होतो तो नंबरप्लेटपासून. १९२८ ते १९५० या काळात फ्रेंच नंबरांतली अक्षरे जिल्हा सांगत. आर अक्षराने सुरू होणारी जोडी म्हणजे बहुधा पॅरिसचा सेन जिल्हा, एनव्ही म्हणजे बा-राँ, जिथे मोल्सहाइमला बुगाटींचा कारखाना होता. डब्ल्यू दिसला तर ती विक्रेत्याची किंवा कारखान्याची चाचणीची प्लेट, म्हणजे गाडीला अजून मालक मिळालेला नाही. १९५० नंतर शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे असत: ७५ म्हणजे पॅरिस. मडगार्डांच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या आणि दिव्यांवर झाकणे असतील तर काळ युद्धाचा. गाडी हाताशी असेल आणि दिव्यांच्या काचा पिवळ्या असतील, तर त्या १९३७ च्या सुमारास सक्तीच्या झालेल्या नियमानंतरच्या समजाव्या.

यानंतर हात काळे करायचे काम येते. चॅसिसवर, इंजिनवर, गिअरबॉक्सवर ठोकलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, आकड्यांचे ठसे त्या कारखान्याच्या वळणाचे आहेत का, हे भिंग लावून पाहतात. दाराखालच्या पट्टीवर कोचबिल्डरची पितळी पाटी असते, पण पाटी चार स्क्रू काढले की निघते आणि दुसरीकडे बसते. म्हणून अनुभवी माणूस गालिचा उचलतो, दाराच्या आतले कापड सैल करतो, लाकडाच्या जोडावर बॉडीचा क्रमांक लिहिलेला किंवा ठोकलेला सापडतो का ते बघतो. खिळ्यांची जुनी, रिकामी भोके फार बोलतात. ज्या लाकडाला पत्रा दोनदा ठोकला गेला, त्याची कहाणी विक्रेता सांगतो तेवढी सरळ नसते.

एकाच माणसाच्या दोन गाड्या या विषयात पुन्हा पुन्हा भेटतात. आंद्रे द्युबॉने हा मद्याच्या प्रसिद्ध घराण्याचा वारस, पहिल्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक आणि शर्यतपटू. १९२४ च्या तार्गा फ्लोरियो शर्यतीसाठी त्याने हिस्पानो-सुइझाच्या चॅसिसवर विमाने बांधणाऱ्या न्यूपोरकडून लाकडी बॉडी करून घेतली. पातळ पट्ट्या, त्यांत हजारो अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट. पुस्तकांमागून पुस्तकांत ती ‘ट्यूलिपवुड’ म्हणून छापली गेली. प्रत्यक्षात त्या पट्ट्या महोगनीच्या आहेत. २०२२ मध्ये ही गाडी सुमारे ९२ लाख डॉलरला विकली गेली.

दुसरी ‘झेनिया’. बायको लग्नानंतर थोड्याच काळात वारली, तिचे नाव द्युबॉनेने गाडीला दिले. ज्याँ आंद्रोने आखलेली आणि साउचिकने १९३८ मध्ये बांधलेली ही बॉडी आजही थक्क करते. समोरची काच वळत बाजूंना जाते, शेपटी निमुळती होते, आणि दारे बिजागरीवर फिरत नाहीत, तर बाहेर येऊन गाडीला समांतर मागे सरकतात. पण खाली हिस्पानोची जुनी, आधीच्या दशकातल्या रचनेची चॅसिस आहे. नुसती बॉडी पाहून वय ठरवणाऱ्याची आणि नुसता चॅसिस क्रमांक वाचून वय ठरवणाऱ्याची उत्तरे जुळणार नाहीत. युद्धात ती लपवलेली होती. जून १९४६ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या बोगद्याच्या उद्घाटनाला ती लोकांसमोर आली. त्या दिवशीची छायाचित्रे नसती, तर युद्धाआधीची आणि नंतरची गाडी एकच, हे इतक्या ठामपणे सांगता आले नसते.

सगळ्यात मोठा चकवा बुगाटीचाच. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात ‘एरोलित’ नावाची गाडी मांडली होती. तिचा पत्रा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. तो वेल्डिंगला धोकादायक, म्हणून दोन भाग पाठीच्या कण्यासारख्या उभ्या पट्टीवर रिव्हेटने जोडले. पुढे याच रूपातून ‘अटलांटिक’ झाल्या, अवघ्या चार. त्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या असूनही पट्टी आणि रिव्हेट तसेच राहिले. चारांपैकी एक १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडून चक्काचूर झाली, तिचे अवशेष जमवून ती पुन्हा उभी केली गेली. ज्याँ बुगाटीने स्वतः वापरलेली काळी गाडी, क्रमांक ५७४५३, युद्धाच्या सुरुवातीच्या गोंधळात नाहीशी झाली, ती अजून मिळालेली नाही.

‘एरोलित’ही हरवली. कॅनडातल्या एका कार्यशाळेने बुगाटीच्या खऱ्या जुन्या चॅसिसवर, क्रमांक ५७१०४, मॅग्नेशियममध्येच ती पुन्हा घडवली. आधार होता मोजक्या छायाचित्रांचा. हे काम अफाट कौतुकाचे आहे, आणि त्याहून कौतुकाची बाब म्हणजे ते पुनर्निर्मिती म्हणूनच मांडले गेले. जिथे हा शब्द गाळला जातो तिथे इतिहासाची चोरी होते, एवढे कडक बोलायला हरकत नाही.

डेलाएची व्ही-१२ इंजिनाची ‘१६५’ हे आणखी एक उदाहरण. फिगोनीने बांधलेली ही गाडी १९३९ च्या न्यूयॉर्क विश्वप्रदर्शनात फ्रेंच दालनात झळकली. बॉनेट उघडले की देखणे इंजिन दिसायचे, मात्र आतले भाग बसवलेलेच नव्हते. युद्ध पेटले आणि गाडी अमेरिकेतच अडकली. पुढच्या मालकांना ‘न चालणारी डेलाए’ हे कोडे वाटत राहिले, त्याचे उत्तर त्या प्रदर्शनाच्या घाईत होते.

सिट्रोएनच्या गोष्टी साध्या माणसाच्या गाडीच्या आहेत, म्हणून त्या जास्त जवळच्या वाटतात. १९३४ च्या प्रदर्शनात कंपनीने आठ सिलिंडरची ‘२२’ दाखवली. वर्षअखेरीस कंपनीचे दिवाळे वाजले, मिशेलिनने ताबा घेतला आणि ही गाडी विक्रीला आलीच नाही. आज तिचा एकही अस्सल नमुना ज्ञात नाही. बाजारात दिसतात त्या नंतर जुळवलेल्या. उलट युद्धापूर्वीच्या ‘टू-सीव्ही’चे, एकाच हेडलाइटचे, तीन नमुने १९९० च्या दशकात ला फेर्ते-विदामच्या चाचणी केंद्रात धान्याच्या कोठाराच्या माळ्यावर मिळाले. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून ते दडवले होते.

२०१४ मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये वाहतूक व्यावसायिक रॉजे बायाँ यांचा साठा उघडकीस आला, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली वेली चढलेल्या गाड्यांत इजिप्तचा राजा फारुक याची साउचिकने बांधलेली टाल्बो-लागो होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला ५९ गाड्या धुळीसकट लिलावात मांडल्या आणि एकूण सुमारे अडीच कोटी युरो जमले. धूळ न पुसण्याचा निर्णय योग्यच होता. चकाचक रंग लागला की खिळ्यांची भोके, खडूचे आकडे, मूळ कापडाचा तुकडा सगळे जाते.

जुन्या मोटारीचा कोपरा दिसणारे छायाचित्र घरच्या अल्बममध्ये असेल, तर ते टाकू नका. मागे वर्ष, गाव आणि माणसांची नावे लिहा, नंबरप्लेट वाचता येत असेल तर तीही. जुनी गॅरेजची बिले आणि नोंदणीची पुस्तकेही रद्दीत घालू नका.