बंगळुरूच्या पोटातील गावे: जुनी गावठाणे सुधारायची, पण कशी?

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वर मंदिरासमोर इ. स. १६६९ चा एक शिलालेख आहे. मल्लपूरच्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात असून, हे दान शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी अर्थात एकोजी यांचे आहे. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बंगळुरू जिंकल्यानंतर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले होते. पुढे १८९८ च्या प्लेगनंतर येथे आखीव वसाहत वसवण्यात आली आणि मल्लपूर हे गाव केवळ नावापुरते उरले.

इतर अनेक गावांची कहाणी थोडी वेगळी आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसाहतींसाठी शेतजमिनी संपादित केल्या, मात्र गावातील घरे सहसा वगळण्यात आली. या वस्तीला कन्नडमध्ये ‘ग्रामठाणा’ म्हणतात. म्हणजे आपले गावठाण. त्यामुळे दोमलूर, आगरा, कोरमंगला अशा ठिकाणी रुंद रस्त्यांच्या मधोमध अचानक वाकड्या गल्ल्या लागतात. भिंतीला भिंत लागून घरे, ग्रामदेवतेचे देऊळ आणि पिंपळाभोवतीचा कट्टा, मराठीत ज्याला पार म्हणतात तो, तेथे आजही आढळतो.

शेती गेल्यावर घरभाडे हेच उत्पन्न झाले. मजल्यावर मजले चढले आणि शहरात काम शोधण्यास आलेल्यांना परवडणाऱ्या खोल्याही येथेच मिळाल्या. पण उजेड, वारा, सांडपाण्याची व्यवस्था यांची दैना झाली. २००७ मध्ये सात नगरपालिका, एक नगरपंचायतवजा संस्था आणि ११० गावे जोडून बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन झाली. २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. गावठाणांचे प्रश्न मात्र तेच आहेत.

येथील वारसा भव्य नाही, आणि हीच अडचण आहे. राजवाडा पाडताना ओरड होते. पार हटवला तर बातमीही होत नाही. वास्तविक शहराच्या जन्माचे पुरावे गावांतच आहेत. बेगूर येथील इ. स. ९०० च्या सुमाराच्या वीरगळावर बंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे. उकडलेल्या दाण्यांवरून शहराला नाव पडल्याची लोकप्रिय कथा त्यामुळे मोडीत निघते. हेब्बाळ येथे २०१८ मध्ये उजेडात आलेला किट्टय्या नामक वीराचा शिलालेख तर इ. स. ७५० च्या आसपासचा मानला जातो.

केवळ दगड जपणे पुरेसे नाही. बसवनगुडीत कार्तिकातील अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’, भरते. सुंकेनहळ्ळी परिसरातील शेते कधीच नाहीशी झाली. तरी शेंगा घेऊन शेतकरी बाहेरगावांहून येतात. कारण रस्त्यावर बसण्याची जागा आणि ती वहिवाट टिकून आहे.

मुंबईने १९९५ मध्येच वारसा जतनाची नियमावली लागू केली. तरीही गिरगावच्या खोताचीवाडीतील कित्येक जुनी घरे गेली, कारण मालकाला दुरुस्तीपेक्षा विक्री परवडते. बंगळुरूने गावठाणांवर सरसकट बांधकामबंदी लादली, तर त्याचा भार नेमका शेती गमावलेल्या कुटुंबांवर पडेल. त्यापेक्षा गल्ल्यांची आखणी, पार, देवळापुढील मोकळी जागा आणि तलाव यांना हात न लावता घरांच्या फेरबांधणीस मुभा देणे अधिक न्याय्य ठरेल. उंचीवरील मर्यादेच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देता येतील. सुधारणेनंतर भाडी वाढून भाडेकरूच बाहेर फेकले जाण्याचा धोका उरतोच. त्यावर नियमावलीत उत्तर सापडणे कठीण आहे.

गटारांची कामे तर थांबवता येणार नाहीत. फक्त, गावठाणात यंत्र लावण्यापूर्वी तेथील दगड कोणीतरी वाचून घ्यायला हवेत. धुण्याचा दगड, पायरी किंवा कुंपणाचा आधार म्हणून वापरात असलेली शिळा उलटी केल्यावर तिच्यावर अक्षरे निघाल्याची उदाहरणे आपल्याकडेही कमी नाहीत.