शाश्वतता: एक गौण विषय आणि तौलनिक साहित्याभ्यास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो श्रेयांक आराखडा जाहीर केला, त्यात मुख्य विषयाच्या जोडीने गौण विषयाची, म्हणजे ‘मायनर’ची, तरतूद आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी लागणाऱ्या किमान १२० श्रेयांकांपैकी ६० मुख्य विषयाचे आणि २४ गौण विषयाचे. चार वर्षांच्या पदवीत १६० पैकी अनुक्रमे ८० आणि ३२. त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्याला शाश्वतता हा गौण विषय घेण्याची वाट तत्त्वतः खुली झाली आहे. हा विषय नेमका काय आणि त्यात तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे काम कोणते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. पर्यावरण हा विषय भारतीय पदवी शिक्षणात नवा नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्णयानंतर तो क्रमाने सर्व शाखांना अनिवार्य झाला. परंतु अनिवार्य अभ्यासपत्रिका ही सर्वांसाठीची तोंडओळख असते. विद्यार्थी ती निवडत नाही आणि बहुधा उत्तीर्ण होण्यापुरतीच वाचतो. गौण विषय मात्र निवडलेला असतो आणि तो टप्प्याटप्प्याने खोल जातो. चार श्रेयांकांची एक याप्रमाणे २४ श्रेयांकांत सहा अभ्यासपत्रिका बसतात. परिसरविज्ञान, अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्र या शाखांतून एकेक पत्रिका उचलून ही संख्या सहज भरेल. तेवढ्याने विषय उभा राहणार नाही. सहाही पत्रिकांना बांधणारा प्रश्न हवा: टिकवायचे काय, कोणासाठी, आणि कोणाच्या पदराला खार लावून?

हा प्रश्न संज्ञेपासूनच सुरू होतो आणि येथे तौलनिक अभ्यासकाचा अधिकार स्वाभाविक आहे. १७१३ साली सॅक्सनीतील खाण-प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स यांनी वनव्यवस्थापनावरील ग्रंथात या कल्पनेचा जर्मन शब्द वापरला, तो खाणी आणि भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडाच्या टंचाईच्या संदर्भात. म्हणजे मूळ चिंता वनाच्या सौंदर्याची नव्हती, पुरवठ्याच्या सातत्याची होती. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने या कल्पनेला पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचे परिमाण दिले: भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाध न आणता आजच्या गरजा भागविणे. भारतीय भाषांत ही संज्ञा आली तेव्हा तिचा अर्थ निरनिराळ्या दिशांनी कलला. हिंदीत ‘सतत’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन्ही शब्द चालतात. एकात अखंडता आहे, दुसऱ्यात वस्तूचा टिकाऊपणा. उर्दूने ‘पायदार’ म्हटले, बंगालीत ‘टेकसई’ रूढ झाला. मराठीने ‘शाश्वत’ हा शब्द स्वीकारला. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणजे काळाच्या पलीकडचे, नाशरहित. विकास तर काळातच घडतो आणि काहीतरी खर्च करूनच घडतो. त्यामुळे ‘शाश्वत विकास’ या जोडशब्दात खर्चाची बाजू झाकली जाण्याचा धोका आहे. भाषांतरमीमांसा या विषयात अलंकारापुरती नाही, ती पायाभूत आहे, असे म्हणावयाचे ते याच कारणासाठी.

साहित्यकृतींचे स्थान यापुढचे. तीन उदाहरणे पुरेशी ठरावीत. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात जमिनीचा कस, पाणी अडविण्याचे उपाय आणि जंगलखात्याने बंद केलेली चराई हे प्रश्न शेतकऱ्याच्या दारिद्र्यापासून वेगळे काढलेले नाहीत. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ (१९३९) या बंगाली कादंबरीतील निवेदक अरण्यावर लुब्ध आहे. पण जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून ते अरण्य कुळांना वाटून नष्ट करण्याचे कामही त्याच्याच हातून होते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) मध्ये धरणग्रस्तांचे पुनर्वसन केंद्रस्थानी आहे. धरणाचे पाणी ज्यांना मिळते आणि त्यासाठी ज्यांचे गाव जाते, ती माणसे एक नसतात.

ही तीन पुस्तके एकत्र वाचली म्हणजे शाश्वततेचे तीन पेच समोर येतात: संसाधनावरील हक्काचा, ते सांभाळणाऱ्याच्याच सहभागाचा आणि विकासाच्या किमतीच्या वाटणीचा. यांतील दुसरा पेच कोणत्याही तक्त्यात मावणारा नाही. तो निवेदनपद्धतीतून कळतो. स्मरणाने सांगणारा निवेदक आपल्या अपराधाची कबुली कोठे देतो आणि कोठे ती वर्णनाच्या रमणीयतेत विरघळू देतो, हे पाहावे लागते. म्हणून साहित्याची पत्रिका इतर शाखांच्या निष्कर्षांना दाखले पुरविण्यासाठी नसावी. कादंबरी केवळ साक्ष म्हणून वाचली तर तिचे कादंबरीपण हरपते आणि विद्यार्थ्याच्या हाती येते ते अहवालातही मिळाले असते.

याउलट साहित्याच्या विद्यार्थ्यानेही पाण्याचा ताळेबंद, भूसंपादनाचा कायदा आणि जंगलाची नोंद वाचावयास शिकले पाहिजे. अन्यथा ‘निसर्ग’ हा शब्द त्याच्या लेखनात वर्णनापुरताच राहील. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच २४ श्रेयांकांना अर्थ येईल. ती भारतीय भाषांतून व्हावी, हेही तितकेच अगत्याचे आहे. कारण ज्यांच्या जमिनीवर आणि पाण्यावर हे निर्णय होतात, ते आपली बाजू याच भाषांतून मांडतात. विषय गौण म्हणून नोंदला जाईल; त्यातील प्रश्न गौण नाही.