व्यक्तिमत्त्व प्रकार चाचणी: समुपदेशकाने ती कशी हाताळावी?

वरकुट्यासारख्या गावात दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: आता पुढं काय? सायन्स, आयटीआय, की पोलीस भरतीची तयारी? कुणीतरी सांगतं, तालुक्याला जाऊन चाचणी करून घ्या. हातात रंगीत अहवाल येतो आणि त्यातल्या एका शब्दावर घरात निर्णय होऊन जातो. म्हणून आजचा विषय चाचणीचा आहे तेवढाच ती देणाऱ्या माणसाचाही आहे. समुपदेशनाचं काम करू पाहणाऱ्या शिक्षकांना आम्ही जे शिकवतो, तेच आज थोडक्यात मांडतो.

ही कल्पना आली कुठून? स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द सगळीकडे पोचले ते त्यातूनच. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी १९४०च्या दशकात त्यावरून प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार जोड्या आहेत: अंतर्मुख की बहिर्मुख, तपशील आधी दिसतो की शक्यता, निर्णय तर्कावर की माणसांकडे आणि मूल्यांकडे बघून, आखून चालायला आवडतं की वेळेवर ठरवायला. चार जोड्यांतून सोळा प्रकार होतात.

आता ही चाचणी काय मोजते? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर गेली की वजन कळतं. साखरेचा उतारा काट्यावर कळत नाही, त्याची तपासणी वेगळी. तसंच ही चाचणी फार तर आवड किंवा कल सांगते, कुवत सांगत नाही. 'बहिर्मुख' निघालेला मुलगा चांगला विक्रेता होईल असं ती म्हणत नाही. नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये, हे चाचणीवालेच सांगतात.

दुसरी गोष्ट. तीच गाडी काट्यावर पुन्हा नेली आणि वजन वेगळं आलं, तर आपण काट्यावर विश्वास ठेवू का? या चाचणीत काही आठवड्यांनी एखादी जोडी बदललेली माणसं बरीच सापडतात. कारण सोपं आहे. साडेपाच फुटांवर रेघ मारून वरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके म्हटलं, तर रेघेजवळची माणसं कुठं घालायची? बहुतेक माणसं मधेच असतात. म्हणूनच संशोधक आज प्रकारांपेक्षा पाच गुणांच्या चढत्या-उतरत्या मापाला जास्त मानतात.

मग लोकांना अहवाल इतका पटतो का? बर्ट्रम फोरर यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून कागद दिला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद मात्र सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली! तेव्हा 'अगदी बरोबर आलं हो सर' हे ऐकून समुपदेशकाने हुरळून जाऊ नये.

हे सगळं का सांगतो? एक मुलगी आमच्याकडे आली होती. गणितात हुशार. बारामतीला वसतिगृहात राहून शिकायचं तिच्या मनात होतं. अहवालात 'अंतर्मुख' आलं, आणि देणाऱ्यानं जाता जाता म्हटलं, हिला बाहेर जड जाईल. वडिलांना तेवढं पुरलं. आम्ही तिच्याशी बोललो तेव्हा कळलं, घरच्या गोठ्याचा दुधाचा सगळा हिशोब तीच ठेवते आणि संकलन केंद्रावर फॅट कमी लागली तर भांडतेही. वडिलांना समोर बसवून आम्ही एवढंच विचारलं, "दादा, हे काम गप्प बसून होतं का?" ते हसले. पुढं ती गेली. पण त्या एका वाक्यानं तिचं शिक्षण थांबलं असतं, बरं का.

म्हणून प्रशिक्षणात आम्ही क्रम पाळायला लावतो. पहिलं, चाचणी आधी स्वतः द्यायची. आपल्यावर शिक्का बसला की कसं वाटतं ते कळतं. दुसरं, मुलाची आणि पालकांची संमती घ्यायची, अहवाल कोण बघणार हे आधीच सांगायचं. तिसरं, निकाल दाखवण्याआधी चारही जोड्या साध्या भाषेत समजावून मुलाला स्वतःचा अंदाज करू द्यायचा. चौथं, अंदाज आणि निकाल जुळले नाहीत, तर मुलाचं म्हणणं वरचढ. पाचवं, इंग्रजी प्रश्न तिथल्या तिथे मराठीत फिरवून विचारायचे नाहीत. 'पार्टीत तुम्ही काय करता?' याला आपल्या मुलांचं उत्तर काय असणार? मराठी मुलांवर तपासलेली चाचणीच वापरायची. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीत बुद्धिमत्ता चाचण्यांवर दीर्घकाळ काम झालं आहे. ते पाहिलं की अशा तपासणीला किती वर्षांची मेहनत लागते ते कळतं.

आणि गल्लत करू नका. राज्यात २०१६ साली दहावीसाठी सुरू झालेली कलचाचणी कृषी, वाणिज्य, तांत्रिक अशा क्षेत्रांतली आवड बघत होती. ती व्यक्तिमत्त्वाची चाचणी नव्हे. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर कुठलीच प्रश्नावली काढायची नाही. त्याला एकटं न सोडता थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

अहवाल हा बोलणं सुरू करायला असतो. तो हातात दिला आणि बोलणं संपलं, तर आपलं काम झालंच नाही असं समजा. आता तुमचे प्रश्न घेऊ.