दोन ग्रॅमची पिशवी

पिशवी कसली आहे, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. धारावीत किंवा कुठल्याही मोठ्या भंगारपेठेत प्लॅस्टिक निवडायला बसलेली बाई हाती आलेली पिशवी चुरगळते आणि न बघताच योग्य त्या ढिगावर टाकते. कुरकुर वाजली तर एच.डी. आवाज न करता मऊ, किंचित मेणचट लागली तर एल.डी. लख्ख पारदर्शक असून कडक वाजली तर पी.पी. तरीही शंका उरली तर कडेला काडी लावायची. पॉलिथीन जळताना मेणबत्तीचा वास येतो, पीव्हीसीचा धूर नाकाला झोंबतो. पाण्याच्या टाकीत टाकलं की पहिली तिन्ही तरंगतात, पीव्हीसी तळाला जातं. प्रयोगशाळेत लाखोंची यंत्रं जे सांगतात, त्यातलं बरंचसं इथे पाट मांडून बसल्या बसल्या ठरतं.

सरकारी फलकावर मात्र या सगळ्यांना एकच नाव असतं: प्लॅस्टिक पिशवी. घोळ तिथूनच सुरू होतो.

पॉलिथीन सापडलं ते अपघाताने. मार्च 1933 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच इथे आयसीआय कंपनीचे रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवी ती अभिक्रिया झालीच नाही, भांड्यात चिमूटभर पांढरा मेणकट पदार्थ तेवढा उरला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या केबलवर आवरण म्हणून कामी आला. हेच आपलं एल.डी. त्याच्या रेणूंच्या साखळ्यांना फांद्या असतात, म्हणून त्या दाटीने बसत नाहीत आणि फिल्म मऊ राहते. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबात सरळ साखळ्यांचं पॉलिथीन बनवलं, ते एच.डी. पाठोपाठ इटलीत जूलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पी.पी. साधलं. दोघांना 1963 चं नोबेल मिळालं. बाजारातल्या बहुतेक पिशव्यांचं घराणं या तीन शोधांपर्यंत जातं.

आपल्याकडचा प्रवास नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. मुंबई हायचा वायू उरणला येतो, त्यातला इथेन नागोठण्याला जातो, तिथे त्याचं इथिलीन होतं आणि इथिलीनचं पॉलिथीन. कारखान्याबाहेर ते साबुदाण्याएवढ्या मण्यांच्या रूपात पडतं. धंद्यात त्याला नुसतं ‘दाणा’ म्हणतात. नवा तो व्हर्जिन दाणा, भंगारातून पुन्हा वितळवलेला तो रिप्रो.

दाण्याची पिशवी होताना बघायची तर वसईकडच्या एखाद्या गाळ्यात जावं. यंत्र उभं असतं, चांगलं दोन मजली. खाली हॉपरमध्ये दाणा ओततात. आतला स्क्रू तो तापल्या नळीतून पुढे रेटतो आणि दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान त्याचा दाट रस होतो. हा रस गोल डायच्या अरुंद फटीतून नळीसारखा वर निघतो आणि मधून हवा भरली की त्याचा फुगा होतो. सगळी कला या फुग्यात आहे. डायजवळ तो काचेसारखा नितळ असतो आणि थोड्या उंचीवर एकाएकी धुरकट होतो. तिथे प्लॅस्टिक गोठलेलं असतं. ही रेषा वर सरकली, खाली आली किंवा तिरकी झाली की ऑपरेटर गार हवेच्या रिंगकडे धावतो, कारण रेषा हलली की जाडीही बिघडते. एल.डी.चा फुगा डायमधून निघताच पसरतो. एच.डी.चा आधी बारीक मान काढून बराच वर जातो आणि मग एकदम फुगतो. दाण्यात कचरा आला तर फिल्मला भोक पडतं, फुगा बसतो, आणि मग हातमोजे घालून गरम नळी पुन्हा वरच्या रोलरपर्यंत ओढत न्यायची. हे काम अंगावर घ्यायला नवा पोरगा सहसा तयार नसतो.

वर दोन फळ्यांमध्ये फुगा चपटा होतो, रोलरखाली दाबला जातो आणि खाली येऊन रोलवर गुंडाळला जातो. छपाई करायची असेल तर आधी विजेच्या ठिणग्यांचा झोत फिल्मवरून फिरवावा लागतो, नाहीतर पॉलिथीनवर शाई टिकत नाही. पुढचं काम सोपं: सील, कट, पंच.

या शेवटच्या पंचनेच जग भरून टाकलं. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलीन यांनी चपटी नळी घडी घालून, वर-खाली सील करून, वरून एक तुकडा छाटायची युक्ती काढली. छाटल्यावर दोन बंद आपोआप उरतात, वेगळं हँडल चिकटवायला नको. 1965 मध्ये तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्या बाजारात हीच झबला पिशवी. ती एच.एम.ची, म्हणजे एच.डी.च्याच अतिपातळ फिल्मची, एकेकाळी सर्रास दहा-पंधरा मायक्रॉनची असे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्या जाडीतही ती दोन किलो कांदे बिनतक्रार उचलायची. यंत्रकौशल्य म्हणून याला दाद द्यावीच लागते.

तिचं नाव बदनाम झालं ते गटारांमुळे. बांगलादेशाने पुरांचा अनुभव घेऊन 2002 मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचे लगदे सापडले. महाराष्ट्राने पुढे 50 मायक्रॉनची किमान अट घातली आणि 2018 मध्ये कॅरीबॅग सरसकट बंद केली, पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये दंड ठेवून. केंद्राने सप्टेंबर 2021 पासून किमान जाडी 75 मायक्रॉन केली आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120. त्यामागचा हिशेब असा की जाड पिशवी फुकट देणं दुकानदाराला परवडत नाही आणि कचरावेचकाला ती उचलणं परवडतं. हिशेब चुकीचा नाही. पण 120 मायक्रॉनची पिशवी फेकलीच, तर बारा पातळ पिशव्यांचं प्लॅस्टिक एकदम फेकलं जातं.

बंदीनंतर मंडईत शिरलेल्या ‘कापडी’ पिशव्यांबद्दल एक सांगायलाच हवं. चौकोनी ठिपक्यांची, रंगीत, डी-कट किंवा डब्ल्यू-कट पिशवी कापडाची नाही, पी.पी.चे तंतू उष्णतेने दाबून केलेली ती नॉन-वूवन चादर आहे. म्हणूनच केंद्राच्या नियमात तिलाही दर चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट आहे. चार महिने उन्हात राहिली की तिचा भुगा होतो. ती कापड समजून मिरवणाऱ्यांची मला गंमत वाटते.

त्याच पी.पी.च्या पट्ट्या कापून, ताणून, गोल मागावर विणल्या की गोणी होते, सिमेंटची पन्नास किलोची. साखर कारखान्यांतून निघणारी बरीचशी पोतीही हीच, कारण 1987 च्या ताग कायद्याखालच्या आदेशांनी साखरेसाठी तागाची सक्ती वीस टक्क्यांपुरतीच ठेवली आहे. शेताकडे वळलात तर जळगावच्या केळीच्या घडाला स्कर्टिंग बॅग, नाशिकच्या निर्यातीच्या द्राक्षपेटीत एल.डी.चं अस्तर, नर्सरीच्या रोपाला काळी पिशवी. या पिशव्यांवर कुणी भाषण करत नाही आणि करायची गरजही नाही.

आता माझ्या आवडत्या पिशवीकडे येतो. दुधाची पिशवी. मुंबईला आरेचं दूध काचेच्या बाटलीतून, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ टोपणाखाली यायचं. बाटली जड, फुटणारी, परत नेऊन धुवावी लागणारी. पिशवीने ते ओझं संपवलं. तिची फिल्म साधारण 50 ते 55 मायक्रॉनची, बहुधा तीन थरांची असते आणि एल.डी.मध्ये एल.एल.डी., म्हणजे लिनिअर एल.डी., मिसळलेलं असतं. एल.एल.डी.चा गुण असा की सीलच्या जागी दुधाचा थेंब अडकला तरी सील धरतं, आणि क्रेट आपटला तरी पिशवी सहजी फुटत नाही. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा, तो उजेडही थोडा अडवतो. डेअरीत फिल्मचा रोल अतिनील दिव्याखालून जातो, नळीभोवती वळतो, उभं सील बसतं, दूध पडतं, आडवं सील बसतं. वरच्या पिशवीचा तळ आणि खालच्या पिशवीचं तोंड एकाच दाबात तयार होतं.

अर्ध्या लिटरच्या या रिकाम्या पिशवीचं वजन दोन-सव्वादोन ग्रॅम. दहा मायक्रॉनची मध्यम झबला पिशवीही जवळपास तेवढीच भरते. किलोला दोन्ही चारशेच्या वर लागतात. तरी एकीला भंगारवाला पैसे देतो आणि दुसरी बाभळीवर फडफडते. म्हणजे प्रश्न नुसत्या मायक्रॉनचा नाही. दुधाची पिशवी रोज त्याच ओट्यावर येते, एकाच जातीची असते, स्वच्छ धुता येते आणि साठते. लिटरभर दूध घेणाऱ्या घरात वर्षाला सातशेतीस पिशव्या, म्हणजे साधारण दीड किलो उत्तम एल.डी. जमतं. त्याचा रिप्रो दाणा होतो आणि दाण्याचे पाइप, ताडपत्री, कचऱ्याच्या पिशव्या. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला हे भाग्य नाही. त्यात छापील फिल्म आणि धातूचा मुलामा दिलेली फिल्म एकमेकींना अशा चिकटवलेल्या असतात की त्या सुट्या करणं परवडत नाही. हिरव्या ‘कंपोस्टेबल’ पिशवीला ठरावीक उष्णतेचा खतप्रकल्प लागतो, आणि ती चुकून एल.डी.च्या ढिगात गेली तर अख्खा दाणा खराब करते.

2018 च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत, किमान पन्नास पैसे, छापायची तरतूद होती. आमच्या गल्लीत तरी ते पन्नास पैसे कुणाच्या हातात पडलेले दिसले नाहीत. अंमल झाला असता तर झबल्याच्या बंदीइतकाच गवगवा त्याचाही व्हायला हवा होता, असं माझं मत आहे.

तोवर एवढं करा. पिशवी कापताना कोपरा पूर्ण छाटू नका, नुसती चीर द्या. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच चाळणीत सापडत नाही, सरळ गटारात जातो. रिकामी पिशवी उलटी करून विसळा, वाळवा, खिळ्याला अडकवा, आणि किलोभर झाल्या की रद्दीवाल्याला वजन करून द्या. रद्दीबरोबर फुकट घालू नका, पिशव्यांचा भाव वेगळा असतो.