घरातील सामाईक कपाट

मागल्या वर्षी भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, एक बाई आमच्या दारी आल्या. त्यांचे यजमान जिनात कामाला होते. ते नुकतेच वारले होते. "भाऊ, पेन्शनसाठी त्यांच्या नोकरीचे कागद मागताहेत," त्या म्हणाल्या. अशा पुष्कळ सोबत्यांचे कागद आम्ही वर्षानुवर्षे जमविले, आणि थोरल्या मुलाने ते स्कॅन करून माडीवरील संगणकात ठेवले होते. ओसरीवरील संगणकातून ते फोल्डर उघडू गेलो, तो उत्तर मिळाले : परवानगी नाही. घर आपले, कागद आपले, आणि परवानगी नाही! ही अडचण आज कित्येक घरांत येते. म्हणून तिची फोड करून सांगतो.

घरात वायफायचा जो डबा असतो, तो राउटर. तो प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे क्रमांक १९९६ च्या नियमाने खासगी वापरासाठी राखलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून अकोल्यातील हजार घरांत एकच क्रमांक असला तरी घोटाळा होत नाही. 'माडीवरची खोली' प्रत्येक वाड्यात असते, पण घरातल्या माणसाला ती बरोबर सापडते, तसेच हे.

परंतु खोली सापडली म्हणजे कपाट उघडले असे नव्हे. फाइल मागण्या-देण्यासाठी दोन्ही यंत्रांना एक भाषा यावी लागते. विंडोजमध्ये तिचे नाव एसएमबी. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयबीएम कंपनीत बॅरी फाइगेनबाउम यांनी ती रचली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने यंत्रायंत्रांतील देवघेव निरखून तिची उकल केली. त्यातून 'सांबा' ही मोफत प्रणाली निघाली, आणि लिनक्सची यंत्रेही तीच भाषा बोलू लागली.

कपाट उघडत नसेल तर चार गोष्टी पाहाव्या. पहिली, माडीवरचे यंत्र झोपलेले तर नाही ना? झोपलेले यंत्र उत्तर देत नाही. दुसरी, दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर आहेत ना? पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय केलेले असेल, तर त्यावरून घरातील यंत्रे बहुधा दिसत नाहीत. तिसरी, विंडोजमध्ये घरचे नेटवर्क 'सार्वजनिक' असे नोंदले असेल तर ते 'खासगी' करावे. चारचौघांतल्या जागी विंडोज आपले कपाट दाखवीत नाही. चौथी गोष्ट, जी आम्हांस अडली : माडीवरील यंत्र नाव आणि पासवर्ड विचारते, तेव्हा रोज उघडताना दाबतो तो चार आकड्यांचा पिन चालत नाही. पिन त्याच यंत्रापुरता असतो. खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. आणि पासवर्ड मुळी ठेवलाच नसेल, तर विंडोज असा प्रवेश सहसा नाकारते.

आम्ही त्या दिवशी इतके शोधले नाही. बाई उन्हातून आलेल्या. मुलाने फोल्डर 'सर्वांसाठी' खुले केले, वाचायलाही आणि बदलायलाही. कागद निघाला, बाई समाधानाने गेल्या. महिनाभराने धाकट्याने आपल्या लॅपटॉपवरून, ही वरची एक जास्तीची प्रत असेल अशा समजुतीने, त्यातला एक भाग पुसून टाकला. विंडोजमध्ये आपल्या यंत्रावरची पुसलेली फाइल कचरापेटीत जाते. नेटवर्कवरून पुसलेली सहसा कायमचीच जाते. त्यांत काही सोबत्यांचे असे कागद होते, ज्यांच्या मूळ प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यांच्या घरी जाऊन ते सांगणे आमच्या वाट्याला आले.

दोष मुलाचा नव्हे, आमचा. युनियनच्या इतिवृत्ताची वही कोणाही सभासदाने वाचावी, पण लिहावे चिटणीसानेच, हा नियम आम्ही जन्मभर पाळला आणि घरात विसरलो. विंडोजमध्ये ही व्यवस्था आहे. परवानगी दोन ठिकाणी लागते : एक नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी, दुसरी प्रत्यक्ष फोल्डरवर, आणि दोहोंपैकी जी कडक, तीच चालते. म्हणून आता घरातील सर्वांना वाचण्याची मुभा आहे, बदलण्याची एकालाच. शिवाय एक प्रत वेगळ्या डिस्कवर असते. ती यंत्राला जोडून ठेवीत नाही.

हे घरगुती वाटेल. पण जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक म्हणजे एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील छिद्र. त्यावरचा उपाय मार्चमध्येच निघाला होता. कित्येक यंत्रांवर तो चढविलेला नव्हता. म्हणून यंत्र सुधारणा मागते तेव्हा 'नंतर' म्हणू नये.

सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. ज्या कपाटावर चारजणांचा हक्क आहे, त्याची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरलेले असावे. ते ठरविण्यास एक संध्याकाळ पुरते. गेलेला कागद परत आणण्यास आयुष्यही पुरत नाही.