खाडीचा चिखल दोनदा मोजा

गोव्यातल्या मांडवी आणि जुवारी या नद्यांना वर्षभरात मिळणारे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येते. उरलेले आठ महिने खाडीवर राज्य असते ते भरती-ओहोटीचे. मांडवीतल्या चोडण बेटाच्या कडेने ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे या दोन राजवटींमध्ये घडत आणि मोडत राहतात.

पावसाळ्यात घाटावरून आलेला लोंढा नवा गाळ आणतो, पात्रातला जुना गाळ उपसतो आणि खाऱ्या पाण्याला समुद्राकडे रेटतो. पाऊस ओसरला की भरती पुन्हा आत सरकते, पार ५० किलोमीटरपर्यंत. इथे खरी गंमत सुरू होते. मातीचे २ मायक्रॉनहून बारीक कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. खाऱ्या पाण्यात या भाराचा प्रभाव ओसरतो, कण चिकटून गुठळ्या होतात आणि पाणी थबकले की तळाशी बसतात. पाय रुतवणारा मऊ चिखल तो हाच. पुढे स्वच्छ ऊन मिळाले की त्यावर डायटम या सूक्ष्म शैवालांची तपकिरी साय धरते. त्यांचा चिकट स्राव वरचा थर बांधून ठेवतो.

जागेनुसारही गाळ बदलतो. मुखाशी लाटांचा जोर असल्याने वाळू साचते. आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीतल्या खनिजवाहू बार्ज पावसाळ्यात कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत वळवाव्या लागत. एकाच पट्ट्यावरसुद्धा ओहोटीच्या रेषेजवळ गाळ भरड असतो आणि तिवरांच्या मुळांशी बारीक, कारण वर चढताना भरतीचा वेग मरत जातो.

शिसे, जस्त, तांबे यांसारखे धातू बारीक कणांनाच अधिक चिकटतात. म्हणून ओहोटीच्या रेषेजवळच्या नमुन्यापेक्षा तिवरांखालच्या नमुन्यात धातू जास्त सापडले, तर तेवढ्यावरून तिथे प्रदूषण जास्त असे म्हणता येत नाही. आधी दोन्ही नमुन्यांतल्या कणांचा आकार ताडून पाहावा लागतो. पावसाआधीच्या आणि पावसानंतरच्या नमुन्यांनाही हेच लागू आहे.

२०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने जीवसृष्टी असलेल्या चिखलपट्ट्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे. तरीही पर्यावरण परिणामांच्या अहवालासाठी अनेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एकाच हंगामाची पाहणी पुरते. ज्या खाडीचा तळ पावसाळ्यातच सर्वाधिक हलतो, तिच्यासाठी ही पाहणी अपुरी आहे, आणि असा अहवाल मान्य होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या खाडीवर जेट्टीची किंवा बंदराची जनसुनावणी लागली, तर गाळाच्या तक्त्यात नमुना कोणत्या महिन्यातला, पट्ट्यावर नेमका कुठला आणि कण किती बारीक, हे तपासा. यातले काही नसेल तर लेखी हरकत नोंदवा.